डावं मागचं चाक

९ जानेवारी

टायरवाल्याने आज चार लोकांत माझी शोभा केली. "बाई, गाडी चालवता की फरफटत नेता?"

मागचे दोन्ही टायर त्याने वाकून बघितले आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून उभा राहिला. हे टायर दादाने गाडी मला देताना नवे टाकून दिले होते. अजून वर्षही झालेलं नाही. पुढचे जुने टायर धडधाकट आहेत आणि मागचे नवे म्हातारे झालेत. डावा तर आतल्या कडेला इतका गुळगुळीत की तारा दिसतात, आणि बाहेरच्या कडेची नक्षी जवळजवळ कोरी.

म्हणाला, "हवा कमी ठेवता तुम्ही."

मी म्हटलं, "हवा तुम्हीच भरता."

"मग जास्त भरली जात असेल." एवढं बोलून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. हा माणूस चुकत नाही, फक्त बाजू बदलतो.

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तू वळणं फार घाईने घेतेस." झालं. कपडे ऑल्टर करणाऱ्या बाईच्या हातात गाडी दिली की टायर झिजणारच, असं सगळ्यांचं ठरलेलं आहे.

११ जानेवारी

दादाला फोन केला. टायरचं सांगितलं. तो म्हणाला, "चिंगे, विकून टाक ना ती गाडी. मी गिऱ्हाईक बघतो."

"अरे, बाबांची गाडी आहे. नुसत्या टायरसाठी विकू?"

"मग मी घालून देतो नवे. तू त्यात डोकं नको घालूस. जुनी गाडी आहे, होतं असं."

त्याचा जीव आहे माझ्यावर, हे मान्य करावंच लागतं. बाबा गेल्यावर घर त्याच्याकडे राहिलं, आई त्याच्याकडे राहिली, आणि गाडी त्याने आपणहून मला दिली. किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. नातेवाईक म्हणाले, बघा, केवढं मोठं मन. आणि हे त्या बहिणीसाठी, जिच्यामुळे बाबा गेले.

हे मी इथे कधी लिहिलेलं नाही. त्या शनिवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. नेहमी मीच न्यायची. त्या दिवशी शाळेच्या गणवेशांचा ढीग समोर पडला होता. बाबांचा फोन आला, "येतेस ना गं?" मी तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाले, "आज नाही जमत बाबा, दादाला सांगा." आई मावशीकडे गेली होती, दादा ऑफिसात अडकला होता. बाबा वाट बघून कंटाळले, एकटेच टॅक्सी बघायला निघाले आणि जिन्यावरून पडले; उशिरा पोचलेल्या दादानेच त्यांना हॉस्पिटलात नेलं. खुबा मोडला. पुन्हा उठलेच नाहीत.

चष्माही जिन्यावरच फुटला. त्याची दांडी लुळी पडली होती, म्हणून आदल्या संध्याकाळी मीच तिला दुकानातला निळा दोरा गच्च गुंडाळून दिला होता. बाबा आरशात बघून म्हणाले होते, "शाळेतल्या पोरासारखा दिसतोय." तेवढं हसणं माझ्या वाट्याला आलं.

सगळे भेटायला आले तेव्हा आई भरल्या घरात म्हणाली, "दादाला सांगा म्हणालीस ना? सांगितलं." त्यानंतर ती माझ्या घराची पायरी चढलेली नाही. मी बोलावते, ती नाही म्हणते. तिने एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन, डबे उघडून, नेहमीसारखी नावं ठेवावीत, एवढंच मला हवं आहे.

१४ जानेवारी

अलाइनमेंटच्या दुकानात गेले. चकचकीत फरशी, भिंतीवर मोठा पडदा. तिथला मुलगा अगदी गोड बोलणारा. चाकांना आरसे लावले, पडद्यावर हिरव्या रेघा आल्या. "पुढची चाकं एकदम सरळ आहेत, मॅडम."

"झिजतात मागची."

"मागची आम्ही मोजत नाही. या गाडीत मागे फिरवायला काही नसतंच. कंपनीतून सरळ येतात, सरळच राहतात."

म्हणजे जिथे दुखतंय तिथे कुणी बघायचंच नाही. तरी हवेचं तेवढं त्याने समजावून सांगितलं. कमी असली तर दोन्ही कडा जातात, जास्त असली तर मधला पट्टा जातो. एकच कड गेली तर दोष हवेचा नाही. टायरवाल्याला हे ऐकवायला मुद्दाम तिकडून गेले. तो म्हणाला, "मी तेच म्हणत होतो."

मागचे टायर फेकले, पुढचे चांगले होते ते मागे लावून घेतले आणि पुढे नवे घातले. आता बघू. टायरच खराब निघाले असतील तर हे झिजणार नाहीत.

२० जानेवारी

मावशीकडे सगळे जमलो होतो. निघताना दादाला आधीच कुठेतरी जायचं होतं, म्हणून मी आईला म्हटलं, "चल, मी सोडते." फाटकाबाहेर आले, मागचं दार उघडून धरलं. आई गाडीपासून दोन हात लांब थांबली. दाराकडे बघत राहिली.

"त्या गाडीत मी नाही बसणार."

"आई, ऊन आहे."

"मला टॅक्सी बघून दे."

मावशी, तिच्या सुना, सगळ्या दारात उभ्या. मी टॅक्सी बघून दिली. आई डोक्यावर पदर घेऊन बसली आणि माझ्याकडे न बघता गेली. माझ्या हातचं पाणी चालतं, माझ्या शेजारी बसणं चालत नाही. बापाला मारणारीच्या गाडीत कसं बसायचं, नाही का!

वाटभर रडले. वळणं मात्र सावकाश घेतली.

१२ फेब्रुवारी

तेच! पुढून मागे लावलेले टायरही आतल्या कडेने जायला लागले. म्हणजे दोष टायरचा नाही.

आज दुकान उघडायच्या आधी गाडीजवळ उकिडवी बसले आणि डाव्या टायरवरून हात फिरवला. बाहेरून आत नेला तर गुळगुळीत. आतून बाहेर आणला तर खरखरीत. अगदी मखमलीची लव. मखमल कापताना आम्ही हेच बघतो, हात कुठल्या बाजूने अडतो. लव एका बाजूला पडली म्हणजे कपडा त्या बाजूने घासला गेलाय.

पँटचा घोळ एकाच बाजूने झिजून आला की मी गिऱ्हाइकाला विचारते, "पायाला काही झालं होतं का?" निम्मे लोक चकित होतात. हे चाकही तसंच, सरळ न चालता तिरपं घासत चाललंय. पायाला काहीतरी झालेलं आहे.

आमचे हे गॅलरीतून ओरडले, "टायरला माप घेतेस काय?" शेजारी हसले. हसू देत.

१९ फेब्रुवारी

गाडी 'सर्जन'कडे नेली. या गॅरेजवाल्याला सगळे सर्जन म्हणतात, कारण तो आधी उघडतो आणि मग विचारतो. मोठा गर्विष्ठ माणूस. माझं मखमलीचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "शॉकअप गेलेत. बदला." बदलले.

३ मार्च

शॉकअप बदलून काही फरक नाही. सर्जनला सांगितलं तर म्हणतो, "तरी बसायला मऊ झाली ना?" जणू मी गादी करून घ्यायला गेले होते.

रात्री यांच्याशी भांडण झालं. सहज म्हणाले, "एक कळत नाही. तुझ्या दादाने गाडी देताना फक्त मागचेच टायर नवे का टाकले? पुढचे का नाही?"

"चांगले होते म्हणून."

"मागचे तेव्हाच का खराब झाले होते?"

मी ताट ढकललं. म्हटलं, माझ्या दादाला काही बोलायचं नाही. तुमच्या भावाने तुम्हाला साधी सायकल तरी दिली का? त्यांनी हात जोडले आणि बातम्या लावल्या. माहेरचं कुणी काही दिलं की यांच्या पोटात दुखतं. दादाने मला एकदाही, एका शब्दानेही, त्या शनिवारवरून बोल लावलेला नाही. सगळ्या घरात तोच एक. उलट कुणी विषय काढला की तोच उठून बाहेर जातो. त्याला ऐकवत नाही.

१० मार्च

सापडलं!

आज सर्जनला इरेला घातलं. म्हटलं, "मागची चाकं मोजून दाखवा, नाहीतर मी पाटीवरचं तुमचं टोपणनाव खोडते." चिडला, पण कामाला लागला. गाडीच्या दोन्ही बाजूंनी, पुढून मागे, ताठ दोऱ्या बांधल्या. दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेचं अंतर मोजलं, मागच्या कडेचं मोजलं. उजवं ठीक होतं. डाव्याला पुढे आणि मागे बोटभर फरक. शिवाय वरून ते आत झुकलेलं. मग गाडी वर घेतली, स्वतः खाली शिरला, आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"ताई, मागचा अ‍ॅक्सल वाकलाय." पहिल्यांदाच मला ताई म्हणाला. "डाव्या बाजूने मार आहे. आडवा. खड्ड्याने हे होत नाही. गाडी घसरत जाऊन चाक कशावर तरी बाजूने आदळलंय, जोरात. आणि हे चाक बघा, बाकी तिघांहून वेगळं आहे, नंतर घातलंय. दारालाही रंग मारलाय. हात फिरवून बघा."

हात फिरवला. मागच्या डाव्या दाराचा खालचा भाग बोटांना जरा जाड लागला. रंग एरवी डोळ्यांना कळत नाही, पण मी रफू ओळखते.

आनंदाने आधी दादालाच फोन केला. "अरे, सापडलं! अ‍ॅक्सल वाकलाय. गाडी कुठेतरी आडवी आदळलीय."

 



"माझ्याकडे असताना काही झालं नाही," तो म्हणाला. "मला मीटिंग आहे."

मग माझ्याकडेच झालं असणार. यांना विचारलं, तुम्ही कुठे ठोकली का? ते शपथेवर नाही म्हणाले. मग मीच. कधी, ते आठवत नाही. लक्ष नसतं माझं, हे काही नवीन नाही. सर्जनला म्हटलं, बदलून टाका.

१८ मार्च

अ‍ॅक्सल बदलताना हँडब्रेकची तार सोडवायला मागची सीट काढावी लागते. मी तिथेच स्टुलावर बसले होते. सीट उचलली तर खाली धूळ, एक बटण, बाबांच्या खोकल्याच्या गोळीचा कागद. आणि डाव्या दाराच्या बाजूला, खाचेत अडकलेली चष्म्याची दांडी.

निळा दोरा. गाठ माझीच आहे. मी गाठ मारून दोऱ्याचं टोक आत दाबते, दुसरं कुणी दाबत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी तो दोरा गुंडाळला. शनिवारी तो चष्मा जिन्यावर फुटला.

सर्जनने विचारलं, "तुमचं काही हरवलं होतं का?"

२१ मार्च

तीन दिवस दुकान उघडलं नाही. यांना दांडी दाखवली. त्यांनी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. 'मी म्हटलं होतं' म्हणाले नाहीत. त्याबद्दल यांचे सगळे टोमणे माफ.

२३ मार्च

गाडी घेऊन दादाकडे गेले. हॉर्न वाजवला. तो खाली आला.

"नवा अ‍ॅक्सल टाकलाय. चल, चक्कर मारून येऊ."

तो पुढच्या दाराकडे आला. मी म्हटलं, "मागे बस. डावीकडे, बाबांच्या जागेवर."

"काय हा बालिशपणा?"

"बस."

तो बसला. मी डोळ्यांच्या हॉस्पिटलचा रस्ता धरला. कुठे चाललोय ते त्याने विचारलं नाही. जुन्या कारखान्याची लांब भिंत संपली की तो रस्ता उजवीकडे झटकन वळतो आणि डाव्या हाताला दगडी कठडा आहे. मी सावकाश चालवत होते. वळण यायच्या बरंच आधी मी आरशात बघितलं. त्याने दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं.

मी कठड्याजवळ गाडी थांबवली. कठड्याचा एक दगड फुटलेला आहे.

"रस्ता ओला होता," तो मागून म्हणाला. "ऑफिसातून फोनवर फोन येत होते. एक उचलला मी. फक्त एक."

मी मागे वळून बघितलं नाही.

"हॉस्पिटलात काउंटरवर विचारलं, काय झालं. अपघात म्हटलं असतं तर पोलीस आले असते. मी म्हटलं, जिन्यावरून पडले. बाबांनीही मान हलवली. तेवढ्यापुरतंच होतं गं, चिंगे. मग सगळे धावत आले, जो तो जिना, जिना करायला लागला. मग तुझं नाव निघालं. मला वाटलं, दोन दिवसांनी सांगू. मग बाबा गेले. मग कसं सांगणार?"

"आणि गाडी मला दिलीस."

"घरासमोर उभी असायची. मला बघवत नव्हतं."

त्याला बघवत नव्हतं, म्हणून मला दिली. वाकलेल्या अ‍ॅक्सलसकट. आणि मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. त्याचं मोठं मन मी जगभर सांगत फिरले. त्याची किल्ली देतानाची आसवं मी रात्री आठवून आठवून जपली. थू.

मी त्याला तिथेच उतरवलं. खिडकीत वाकून म्हणाला, "आईला सांगू नकोस. ती खचेल."

२४ मार्च

आईला सांगितलं.

दादा ऑफिसात असताना गेले. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दांडी तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती किंचाळेल. मग मला जवळ घेईल. खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच गेले होते.

तिने हातातली घडी पूर्ण केली. "मला माहीत आहे," म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. तू औषधं आणायला गेली होतीस. ह्यांनीच सांगितलं. म्हणाले, पोराची नोकरी जाईल, बोलू नकोस."

बाबांनी तिला सांगितलं. मी रोज त्यांचे पाय चेपत होते, रोज रडून माफी मागत होते. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "असू दे." मी समजत होते, बाबा मला माफ करतायत.

"मग भरल्या घरात मला का बोललीस?"

"बोलायला कुणीतरी हवं होतं," आई म्हणाली. "त्याला बोलले असते तर राहिले कुठे असते?"

"माझ्याकडे."

"लेकीकडे?" तिने असं विचारलं जणू मी तिला फुटपाथवर पथारी टाकायला सांगत होते. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "त्याला सोसलं नसतं गं. तू सोसतेस. लहानपणापासून सोसतेस."

हे तिने कौतुकाने म्हटलं. मी जिना उतरून आले. त्या जिन्यावरून कधीच कुणी पडलं नव्हतं. तरी इतके महिने मी त्याची प्रत्येक पायरी चढताना मनात माफी मागत होते.

११ एप्रिल

टायरवाल्याने आज बोलावून दाखवलं. मागचे टायर सरळ झिजतायत. "आता चालवायला शिकलात," म्हणाला. 

दुपारी फोन वाजला. आई. तिने आपणहून केलेला, बाबा गेल्यानंतरचा पहिलाच फोन. काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "डोळ्यांना फार अंधूक दिसतंय. उद्या डॉक्टरची वेळ घेतलीय. येतेस का न्यायला? तुझ्या गाडीतून जाऊ. मग तुझ्याकडेच जेवेन."

जेवेन म्हणाली. डबे उघडेल, नावं ठेवेल. मी तोंडातल्या टाचण्या काढून नीट डबीत ठेवल्या.

"उद्या नाही जमत आई," मी म्हटलं. "दादाला सांग."

  मग तिनेच फोन ठेवला.

उद्या दुकान बंद असतं. गाडी दारातच उभी आहे.